धोंडुपचा कोर्स

"भय्या, जरा उधर सरको ना! मेरे बोंबिल को धूप नहीं मिल रही."

भामाने कमरेवर हात ठेवून हे म्हटलं तेव्हा तो पाठमोरा होता. उरण नाक्याच्या फुटपाथवर त्याने दोन बांबूंमध्ये दोरी ताणली होती आणि तिच्यावर एकेक स्वेटर अडकवत होता. लाल, जांभळा, पोपटी... त्या सगळ्यांची सावली थेट भामाच्या सुक्या मासळीच्या टोपल्यांवर पडत होती. दरवर्षी दिवाळी सरली की हे तिबेटी लोक पनवेलला येत आणि थंडी ओसरली की जात. पण इतक्या जवळ येऊन आजवर कोणी बसलं नव्हतं.

तो वळला. बारीक डोळे, रुंद गालफडं, कपाळावर केसांची झुलपं.

"काहून सरकू? मी सकाळीच येऊन जागा धरली ना बाप्पा. अन् तुमच्या बोंबलाचा वास माह्या स्वेटरले लागून राहिला, त्याचं काय?"

भामाचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्या तोंडून मराठी येईल असं तिला वाटलंच नव्हतं. त्यातून ही मराठी... असली मराठी पनवेलच्या बाजारात तिने जन्मात ऐकली नव्हती.

"तुम्ही... मराठी?"

"तिबेटी. पण गोंदिया जिल्ह्यातला. तिकडं आमची वसाहत आहे."

"तिबेट गोंदियाला कधी आलं?"

"माहे आजोबा आले तेव्हा." तो हसला. "मी तर तिथंच जन्मलो. शाळाही मराठीच. नाव धोंडुप."

"धोंडू?"

"धोंडुप! पण गावात सारे धोंडूच म्हणतात. तुम्हीही म्हणा, माहं काही जात नाही."

भामाला हसू आवरेना. तोही हसला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. सुरुवातीला साधाच वाटला, पण तो थांबेना. बांबूला धरून, वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो खोकत राहिला. भामाचं हसू ओठांवरच विरलं.

तो खोकला तिच्या ओळखीचा होता.

दोन वर्षांपूर्वी हाच खोकला तिच्या छातीत होता. संध्याकाळ झाली की अंगात कणकण, रात्री घामाने भिजलेली उशी. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली आणि टीबी निघाला. तिच्या आईने, रंभाने, सगळ्या कोळीवाड्यात कावीळ झाल्याचं सांगितलं. वडील नव्हते. घरात दोघीच, आणि वर लग्नाची मुलगी. भामाने गोळ्यांचा कोर्स पुरा केला, खडखडीत बरी झाली. तेव्हा दवाखान्यातले टीबीचं काम पाहणारे शैलेश सर तिला म्हणाले, "बाजारातल्या पेशंटांना समोर बसवून गोळ्या द्यायला कोणीतरी हवंय. करशील?" तिने होकार दिला. आठवड्यातून तीनदा दोन-चार जण तिच्या टोपल्यांपाशी येत, पाण्याबरोबर गोळ्या गिळत आणि जात. बाजाराला वाटे, ताकदीच्या गोळ्या असतील. रंभा कोणाचा गैरसमज दूर करायला जात नसे.

"किती दिवसांचा खोकला आहे?" भामाने विचारलं.

"दसऱ्यापासून. धूळ असते ना..."

"धुळीचा नाही. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

त्याचा चेहरा उतरला. "मले कोण औषध देईल? माह्याजवळ रेशन कार्ड नाही, मतदानाचं कार्ड नाही. हे एक आहे." त्याने खिशातून दुमडलेलं सरकारी नोंदणीचं पुस्तक काढलं. "याच्यात लिहिलं आहे की मी परदेशी. अन् याच्यातच खाली लिहिलं आहे, जन्म गोंदिया."

भामाने दोन्ही ओळी दोनदा वाचल्या. "जन्म इथला, तर परदेशी कसे?"

"तेच तर मी लहानपणापासून विचारून राहिलो."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातही सगळे तेवढेच गोंधळले. नोंदणीच्या खिडकीवर नीता मॅडम होत्या. बाई स्वभावाने चांगल्या, पण असा पेशंट त्यांनी कधी पाहिला नव्हता. "पत्ता?" त्यांनी विचारलं.

"पळस्पे. तिथं आम्ही सगळ्यांनी मिळून खोली घेतली आहे."

"तो झाला सध्याचा. कायमचा पत्ता सांगा."

धोंडुप खरं तेच बोलला, "कायमचा तर कोणालेच माहीत नाही मॅडम."

नीता मॅडमनी पेन खाली ठेवलं. परदेशी माणसाचं नाव घातलं तर वरून विचारणा होईल का? नाही घातलं आणि काही झालं तर? त्या आत जाऊन आल्या, पुन्हा आत गेल्या. शेवटी शैलेश सरच बाहेर आले. त्यांनी ते पुस्तक उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं.

"नीताताई, ह्याचा खोकला आपल्या बाजारात फिरतोय ना? मग औषधही आपलंच. तपासायला पाठवा, टीबी निघाला तर नाव घाला."

"आणि हंगाम संपल्यावर हा गावाला गेला तर? कोर्स सहा महिन्यांचा आहे, सर."

"गोंदियालाही सरकारी दवाखाना आहे. तिकडे कळवू." मग ते भामाकडे वळले. "तुझ्या शेजारीच बसतो ना? मग तुझ्याकडेच."

टीबी निघाला. आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार सुरू झाले.

पहिल्या दिवशी भामाने त्याला गोळ्या दिल्या, पाणी दिलं आणि नेहमीची सूचना द्यायला तोंड उघडलं. इतर पेशंटांना ती हे वाक्य घडाघडा सांगत असे. आज मात्र...

"एक सांगायचं होतं. म्हणजे घाबरायचं नाही. रंग बदलतो..."

"कशाचा?"

"पाण्याचा." तिचे कान तापले. "म्हणजे... पिण्याच्या नाही."

ती लघवीबद्दल बोलतेय हे धोंडुपच्या लक्षात आलं आणि तो इतका लाजला की दोघंही दोन दिशांना बघायला लागली. तो रस्त्याकडे, ती जवळ्याच्या टोपलीकडे.

दुसऱ्यांना लागण होऊ नये म्हणून शैलेश सरांनी त्याला तोंडावर रुमाल बांधायला सांगितलं होतं. त्याने आपल्याच मालातला मफलर बांधला. सोमवारी निळा, बुधवारी करडा, शुक्रवारी कसलीशी चौकड्यांची नक्षी. मफलरच्या वर फक्त डोळे दिसत. गोळ्या घेताना तो पाठ फिरवायचा आणि रिकामा ग्लास परत देताना पुन्हा मफलर चढलेला असायचा. भामाने त्याचा पूर्ण चेहरा पाहिला होता तो फक्त भांडणाच्या दिवशी आणि मग दवाखान्यात. आता संध्याकाळी टोपल्या झाकताना ती तो आठवायचा प्रयत्न करी. नाक कसं होतं? हसताना गालाला खळी पडली होती, की पडलीच नव्हती? कपाळ आठवे, हसू आठवे, पण चेहरा काही जुळून येत नसे. आणि मग तिला स्वतःचाच राग येई... पेशंटचा चेहरा आठवून करायचंय काय?

"गिळल्या," तो एकदा म्हणाला. "तोंड उघडून दाखवू?"

"नको. मी काय डॉक्टर आहे?"

"मंग कोण आहात?"

प्रश्न साधाच होता. "बोंबीलवाली," ती म्हणाली.

"बोंबीलवाली सगळ्यांले असं रागवते का, 'रात्री जेवले का, पायी काहून आले' म्हणून?"

"काहून नाही, का."

"का."

"आणि हो, सगळ्यांना रागवते."

हे खोटं होतं, आणि दोघांनाही ठाऊक होतं. पण त्याचा अर्थ काय, ते तिला कळत नव्हतं. कधी तो एखादा स्वेटर तिच्यापुढे धरून म्हणे, "हा रंग तुमाले शोभेल," आणि लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकालाही तेच म्हणे. कधी सकाळपासून एक शब्द बोलत नसे आणि दुपारी तिच्या डोक्यावरची छत्री उन्हाप्रमाणे हळूच फिरवून जाई. हे काय होतं? शेजारधर्म? उपकाराची फेड?

मुख्य म्हणजे, भामाला एक गोष्ट आठवत होती. ती स्वतः गोळ्या घेत होती तेव्हा तिला शैलेश सर आवडायला लागले होते. अगदी मनापासून! त्यांनी हातावर गोळ्या ठेवल्या की दिवस सोन्याचा व्हायचा. कोर्स संपला, बळ आलं, आणि एका सकाळी तिच्या लक्षात आलं... ताप उतरावा तसं तेही उतरलं होतं. शैलेश सर साधे शैलेश सर झाले होते, टक्कल पडत चाललेले, दोन मुलांचे बाप. आजारी माणसाचं मन असंच गोळ्या देणाऱ्या हाताला चिकटतं, हे ती तेव्हा शिकली होती.

मग धोंडुपचे डोळे मफलरवरून हसले तरी त्यात काय विशेष?

अशातच हितेशचं स्थळ आलं. उरणकडचा, आपल्यातलाच, द्रोणागिरीच्या गोदामात सुपरवायझर. रंभाला आभाळ ठेंगणं झालं. मुलगा-मुलगी बोलायला म्हणून एका ज्यूस सेंटरमध्ये बसली. हितेश दिसायला बरा होता, बोलायला मऊ होता. भामाने मोसंबीच्या रसाचा एक घोट घेतला आणि सगळं सांगून टाकलं. कावीळ नव्हती, टीबी होता, आता बरी आहे.

हितेश थोडा वेळ स्ट्रॉशी खेळत राहिला. "बरी झालीस ना? मग मला काही नाही," तो म्हणाला. "फक्त आमच्या घरी बोलू नकोस. कधीच. आणि ते गोळ्या वाटायचं काम... लग्नानंतर नको. लोक विचारतात."

त्याचं काही चुकलं असं म्हणता येईना. दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. तरी घरी येताना भामाला वाटत राहिलं, आपल्या तोंडावर कोणीतरी मफलर बांधलाय आणि तो सोडायची मुभा नाही.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, धोंडुप आला नाही.

बांबू रिकामे होते. पलीकडच्या कोपऱ्यावर स्वेटर विकणारी त्याची मावशी हिंदीत एवढंच म्हणाली की तो खोलीवर आहे, बरा आहे. दुपार झाली तरी त्याचा पत्ता नाही. बरा असून येत नाही? पळून गेला? कंटाळला? भामाने एका हाताने जवळा मापून दिला आणि दुसऱ्या हाताने चुकून सुटे पैसे टोपलीत टाकले.

शेजारच्या टोपलीमागून रंभा बघत होती. "त्याची वाट नको बगू," ती म्हणाली. "मीच सांगला त्याला. पोरीचा लगीन जमतंय, तू हितं येत जाव नको. लोकं बगतात."

"आये! त्याला गोळी चुकवून चालत नाय!"

"दवाखान्यात जाल ना. तुज्याच हातची पायजे काय त्याला?"

भामा उठली. गोळ्या पिशवीत टाकल्या, मिनीडोअर रिक्षात बसली आणि पळस्प्याला उतरली. हायवेच्या कडेला पत्र्याची चाळ होती. धोंडुप दाराशी उन्हात बसून स्वेटरांच्या घड्या घालत होता. तिला पाहून त्याने घाईघाईने मफलर नाकावर ओढला.

"दवाखान्यात गेला होतास?"

"...सोमवारी जाणार होतो."

"आज शुक्रवार आहे! मध्येच सोडलं तर हा रोग दुप्पट जोराने उलटतो, माहीत आहे ना? माझ्या लग्नाचा आणि तुझ्या गोळीचा काय संबंध? आई बोलली, तर मला विचारायचं. तू कोण ठरवणारा?"

धोंडुपने हातातली घडी बाजूला ठेवली.

"तू म्हणाली," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"आजपर्यंत तुम्ही म्हणत होती. आज तू."

हायवेवरून एक ट्रक धडधडत गेला. तिने गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या. त्याने पाठ फिरवली आणि दाराशी ठेवलेल्या पाण्याबरोबर त्या गिळल्या. मग घडी घातलेला स्वेटर पुन्हा उलगडत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी आलो नाही ते तुह्या आईच्या बोलण्यानं नाही. लग्नाचं ऐकलं अन् मले समोर बसवेना. मले तू आवडतेस, भामा. आता रागवायचं तर रागव."

भामाच्या तोंडून आलं ते भलतंच. "तसं वाटतं," ती म्हणाली. "सगळ्या पेशंटांना वाटतं. मलाही वाटलं होतं." आणि तिने त्याला शैलेश सरांची सगळी हकीकत सांगितली, टकलासकट. तो हसला नाही. "कोर्स संपला की उतरतं. म्हणून आत्ता काही बोलायचं नाही. कोर्स संपेपर्यंत हा विषय नाही. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला. "अन् तुहं काय?"

"माझं काय?"

"तुले काय वाटते?"

"माझा काही संबंधच नाही," असं म्हणून ती जवळजवळ पळतच रस्त्यावर आली.

परतीच्या मिनीडोअरमध्ये दोन माणसांच्या मध्ये दाटीवाटीने बसलेली असताना तिला ते सुचलं. त्याचा कोर्स चालू होता, म्हणून त्याला तसं वाटत होतं. ठीक. पण तिचा कोर्स तर कधीच संपला होता. मग तिला हे काय झालं होतं?

हितेशला तिने स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितलं. कारण विचारल्यावर म्हणाली, "मला बोलायला आवडतं. आयुष्यभर गप्प बसणं जमायचं नाही." रंभाने भांडी आपटली, रडली, मग अबोला धरला. पण सोमवारी धोंडुप येऊन गोळ्या घेऊन गेला तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त तोंड वळवून जवळा विकत राहिली.

जानेवारीच्या शेवटी थुंकी पुन्हा तपासली. साफ! आता कोणाला लागण होण्याची भीती नव्हती. धोंडुप दवाखान्यातून थेट बाजारात आला आणि तिच्यासमोर उभा राहून त्याने मफलर सोडला.

भामाने पाहिलं. तिने मनात जुळवलेला चेहरा साफ चुकला होता. खळी नव्हतीच. गाल भरले होते, समोरचा एक दात किंचित तिरका होता. हा कोणी निराळाच माणूस होता, आणि तिला तो आधीच्यापेक्षा जास्त आवडला.

"काय पाहून राहिली?"

"वजन वाढलंय," ती म्हणाली.

चार दिवसांनी स्वेटरांची गाठोडी बांधून मंडळी निघाली. शैलेश सरांनी गोंदियाच्या दवाखान्याला फोन केला. तिथल्या माणसाने म्हणे विचारलं, 'पेशंट पनवेलचा की आमचा?' सर म्हणाले, "दोघांचा." निघताना धोंडुप काही बोलला नाही. शब्द दिला होता ना. फक्त एवढंच म्हणाला, "गोळी घेतली की मिस्ड कॉल देईन. उचलू नको."

आणि मग सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारच्या सुमाराला भामाचा मोबाईल एकदाच वाजायचा आणि थांबायचा. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. ती गिऱ्हाइकाशी घासाघीस करत असली तरी तिचा एक कान तिकडे. कॉल आला की टोपलीतली सुकट उगाच हलवायची. "कोनाचा?" रंभा विचारायची. "कंपनीचा," भामा सांगायची.

मेच्या मध्यावर कोर्स संपला. सोमवारी मोबाईल वाजला नाही. साहजिकच... गोळी नाही, तर कॉल कशाचा? आता तो नीट फोन करेल. बोलेल. बुधवार गेला, शुक्रवार गेला. पुढचाही आठवडा गेला. भामा मोबाईल हातात घेऊन त्याचा नंबर काढायची आणि पुन्हा ठेवायची. काय विचारणार? 'उतरलं का' म्हणून? फोन नाही म्हणजे उतरलंच. तिने स्वतःच सांगितलं होतं, उतरतं. आपलं म्हणणं खरं ठरलं की माणसाला बरं वाटायला हवं. तिला जेवण जात नव्हतं.

मेचं ऊन फुटपाथवर नुसतं उकळत होतं. अशा दुपारी कोणीतरी समोर येऊन उभं राहिलं आणि टोपल्यांवर सावली पडली.

"बोंबील कसे दिले?"

भामाने वर पाहिलं. घामाने निथळणारा, हातात एक छोटी पिशवी. गाठोडं नाही, बांबू नाही. तिरका दात.

"तू...? आत्ता? मेमध्ये स्वेटर कोण घेणार?"

"विकायले नाही आलो."

"मग दोन आठवडे फोन का नाही केलास?" तिचा आवाज चिरकला. बाजूची कोथिंबीरवाली वळून बघायला लागली.

"शेवटचा रिपोर्ट यायचा होता. तो साफ आला, म्हटलं फोनवर नाही सांगायचं. आणखी काही दिवस थांबूनही पाहिलं, तुह्या म्हणण्याप्रमाणं उतरते का." त्याने हाताच्या पाठीने घाम पुसला. "नाही उतरलं. गोंदियाच्या दवाखान्यात गोळ्या देणारे काशिराम भाऊ होते. त्यांच्यावर तर माहं मन बसलं नाही."

भामाला हसू आणि रडू एकदमच आलं.

"तुहं तू सांगितलं नाही अजून," तो म्हणाला.

"मला कसला कोर्स होता?" ती म्हणाली. "मला तर औषधाशिवायच झालं. तेव्हापासून आहे. जातच नाही."

एवढा वेळ रंभा पलीकडच्या टोपलीआड गप्प बसून ऐकत होती. आता ती उठली, पदर खोचला आणि पुढे आली.

"ए पोरा. तू परदेशी हायस ना? उद्या माजी पोरगी तुज्यासंगं आली तर ती कोन? हितली का तितली? पोरं झाली तर ती कोन?"

धोंडुपने मान खाली घातली. "खरं सांगू का मावशी? मलेही नाही माहीत. आमच्यातले काही म्हणतात आम्ही इथलेच, कोर्टात जाऊन राहिले. काही म्हणतात नाही. मी खोटं नाही बोलणार."

या उत्तरासाठी रंभाची तयारी नव्हती. तिने भांडायला घेतलेला श्वास तसाच सोडून दिला आणि दुसरीकडूनच सुरुवात केली.

"मासली तरी खातस काय?"

"आई नाही खात. मी खातो. आमच्याकडं तलाव आहेत ना मोठमोठे, तिथली."

"तलावातली?" रंभाचे डोळे विस्फारले. "गोड्या पान्याची? ती काय मासली हाय? तिला ना चव, ना वास!" ती भामाकडे वळली, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या आवाजात ती जुनी, घरगुती कुरकुर आली. "गोड्या पान्याची मासली खानाऱ्याला मी माजी पोरगी देऊ?"

कोथिंबीरवाली बघत होती, सगळा बाजार बघत होता. भामा उभी राहिली. बाजारात लोकांशी ती नेहमी शाळेतली मराठी बोले. आता मात्र सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, घरच्या बोलीत म्हणाली,

"दे गो, आये."